म्हशीनं पास केलेलं औषध

आमच्या भागात औषधाचा इन्स्पेक्टर कधी फिरकत नसे, म्हणून बाईंनी म्हैस पाळली. हे वाक्य ऐकलं की लोक हसतात. त्यांचं हसून होईपर्यंत मी थांबते आणि मग उरलेलं सांगते.

बाई म्हणजे डॉक्टर. जळकोटकडून हमरस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं, तिथं त्यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. मी तिथं नर्स होते. गावात बाया पुष्कळ, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की डॉक्टर, हे सगळ्यांना ठाऊक. उंच, हडकुळ्या, पायात पुरुषी चपला. खुरपायला जाणाऱ्या बायका घालतात तसा साडीवर पुरुषी शर्ट. डॉक्टरचा पांढरा कोट होता, तो खुंटीला. एकदा एका पेशंटच्या भावानं विचारलं, ‘डॉक्टरीण कुठाय?’ बाई म्हणाल्या, ‘ती खुंटीवर हाय. मी तिची मोलकरीण. बोला.’

लग्न केलं नव्हतं. कारण विचारायची हिंमत फक्त म्हाताऱ्या बायका करत. त्यांना उत्तर ठरलेलं होतं, ‘तपासून घ्यायची सोय नव्हती, मावशी.’

तपासून घेणं हे बाईंचं वेड होतं. गळ्यात दोन दोरे. एकात इष्टलिंग, दुसऱ्यात औषधाच्या फ्रीजची किल्ली. आंघोळीलासुद्धा दोन्ही काढत नसत. त्यांची भाची सुट्टीला आली होती, तिनं बाई झोपल्या असताना गळ्यातली किल्ली हळूच काढून फ्रीजमध्ये श्रीखंडाचा डबा ठेवला. बाईंनी तो डबा उघडून न बघता अंगणात ठेवला आणि कुत्र्याला हाक मारली. भाची रडायला लागली. बाई म्हणाल्या, ‘दार उघडून तू पाव मिनिट विचार करत उभी राहिली असशील, डबा कुठं ठेवू म्हणून. तेवढ्यात आत ऊन शिरलं.’

गोळ्यांचं वेगळं. दवाखान्यात एक फळा होता, पूर्वी तिथं बालवाडी भरायची तेव्हाचा. नवीन गोळी आली की बाई ती घेऊन फळ्याशी जायच्या आणि त्या गोळीनं त्या कंपनीचं नाव लिहायचा प्रयत्न करायच्या. खडूसारखं ठसठशीत उमटलं, तर गोळ्या परत. मग ते नाव आठवडाभर पुसायचं नाही. एजंट लोक दारातून आत आले की आधी फळ्याकडं बघायचे. तापाची गोळी त्या चाटून बघायच्या. कडूजहर लागली की खूश. ‘हां, ही बोलती.’ गोड गोड लागली की थुंकायच्या. ही काही पक्की तपासणी नाही, चांगली गोळीसुद्धा फळ्यावर उमटू शकते, हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी एकदा तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, खरी प्रयोगशाळा मुंबईला. तिथून निकाल येईस्तोवर इथं पेशंट बरा तरी होतो, नाहीतर मरतो तरी. मला आज काय ते पाहिजे.’

त्यांचं एक म्हणणं होतं, ते दिवसातून एकदा तरी ऐकायला लागायचं. ‘दूध नासलं की सांगतं. फाटतं, वास मारतं. औषध नासलं की गप्प बसतं.’

सगळ्यात गप्प बसणारं औषध आमच्या कामातलंच होतं. बाळंतपण झालं की गर्भाशय आवळून घट्ट व्हावं लागतं. झालं नाही, तर बाळंतिणीचं रक्त थांबत नाही आणि डोळ्यांदेखत ती जाते. ते आवळण्यासाठी एक इंजेक्शन देतात, ऑक्सिटोसिन. त्याला थंडीत ठेवावं लागतं. उन्हात राहिलं की मरतं. काही कंपन्या तर ते मरायचीही वाट बघत नाहीत, कुपीत मुळातच नावापुरतं घालतात. आणि दिसायला ते पाण्यासारखं. खरं असो, मेलेलं असो, की नुसतं पाणी असो, काचेच्या कुपीत तिन्ही सारखी. फळ्यावर लिहिता येत नाही, चाटून कळत नाही.

त्याच्यासाठी म्हैस.

दवाखान्याच्या मागं अप्पांचा गोठा होता. अप्पा म्हातारे, लिंगायत शेतकरी, घरात कानडी बोलायचे आणि म्हशीशीही कानडीच. त्यांच्याकडून बाईंनी एक पंढरपुरी म्हैस विकत घेतली होती, पाठीवर मागं गेलेली तलवारीसारखी शिंगं असलेली. ती अप्पांच्याच गोठ्यात राहायची. तिचं रेडकू दगावलं आणि तिनं पान्हा चोरायला सुरुवात केली. आता अशा म्हशीला आपल्याकडं काय करतात, ते सगळ्यांना माहीत आहे. गवळी सुई टोचतात. त्या सुईत असतं ते हेच, ऑक्सिटोसिन. बाळंतिणीचं गर्भाशय आवळतं ते आणि म्हशीचा पान्हा सोडवतं ते, औषध एकच.

कायद्यानं ते म्हशीला टोचायला बंदी आहे. बाईंना ते माहीत होतं. ‘बाळंतिणीला पाणी टोचायलाही बंदी आहे,’ त्या म्हणायच्या. ‘त्यासाठी आजवर कोण आलं?’

मग ठरूनच गेलं. इंजेक्शनचा नवा डबा आला की बाई त्यातली एक कुपी काढायच्या, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवायच्या आणि गोठ्याकडं निघायच्या. मागं मी. अप्पा बादली घेऊन बसलेले असायचे. ‘सुम्निरवा, सुम्निरवा,’ असं म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, म्हणजे गप राहा गं माय. बाई टोचायच्या आणि घड्याळ बघायच्या. सड फुगून तट्ट झाले, पहिली धार बादलीत वाजली, की अप्पा गावाला ऐकू जाईल असं ओरडायचे, ‘पास!’

म्हशीचं नाव इन्स्पेक्टरीण. ती आटली की अप्पांच्या घरची दुसरी म्हैस यायची, तिला आम्ही ‘बदलीवर आलेली’ म्हणायचो.

पहिल्यांदा तिनं नापास केलं, तो दिवस मला चांगला आठवतो. सोलापूरचा एक एजंट होता, गॉगल डोक्यावर सरकवून बोलायचा. त्याच्या डब्यातली कुपी टोचली. म्हैस रवंथ करत उभी. बाईंनी घड्याळ बघितलं, दुसरी कुपी टोचली. म्हशीनं शेपटीनं माशी हाकलली आणि लाथ मारून बादली पाडली. सडांना थेंब नाही.

बाईंनी एजंटाला गोठ्यात बोलावलं. तो दारातच थबकला. पायात चकचकीत बूट.

‘या की,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचं औषध आहे. तुम्हीच पिळा.’

‘मॅडम, म्हशीवर कुठं टेस्ट करतात का? आमच्याकडं लॅबचं सर्टिफिकेट आहे.’

‘मग सर्टिफिकेट पिळा. पण बादली भरली पाहिजे.’

तो खरंच बसला. शेणात टेकून, टाय खांद्यावर टाकून. अप्पा त्याला गंभीर चेहऱ्यानं शिकवत होते, ‘अंगठा आत घ्या साहेब. आसं न्हाय, ती काय मोबाइल हाय व्हय?’ शेवटी अप्पांनी आमच्या फ्रीजमधली जुन्या डब्यातली कुपी आणायला सांगितलं. ती टोचली आणि बघता बघता सड भरून आले. एजंटाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याच दुधाचा चहा करून बाईंनी त्याला पाजला. डबा परत गेला.

ही गोष्ट तालुकाभर गेली. आधी हसण्यावारी, मग भक्तीनं. ‘बाईकडं म्हशीनं पास केलेलं औषध असतंय,’ असं लोक सांगायचे. परंड्याच्या बाजूनं, सोनारीहून सुद्धा बाया येऊ लागल्या. बाळंतपणाला आलेल्या घरची माणसं येताना मूठभर पेंड आणायची आणि आधी गोठ्यात जाऊन म्हशीला चारायची. कुणी कपाळाला कुंकू लावायचं. बाई वैतागायच्या. ‘अरे, इंजेक्शन मी देते, पाया तिच्या पडता!’ पण आतून त्यांना बरं वाटायचं. मला तेव्हा ते सगळं चालण्यासारखं वाटायचं. वर्षानुवर्षं आमच्याकडं एकही बाळंतीण रक्त जाऊन गेली नव्हती. चाललेलं काम मी उकरत नाही.

त्या पेशंट आणायच्या कामात सगळ्यात पुढं होती शोभा. शेजारच्या गावची आशा कार्यकर्ती. काळीसावळी, ठेंगणी, तोंडाला कुलूप नाही. बायकांना घरात बाळंत होऊ द्यायची नाही. सासवांशी भांडून, नवऱ्यांना दम देऊन, जीपमध्ये कोंबून आणायची. ‘अगं, तिथं म्हैस डाक्टर हाय. तुमच्या गावात हाय का?’ असं तिचं भाषण. बाईंशी तर ती सरळ थट्टा करायची.

‘बाई, म्हैस रजेवर गेली तर माझं बाळंतपण कोन करनार?’

‘तू आधी पोटुशी राहा, मग रजेचं बघू.’

ती दुसऱ्यांदा पोटुशी राहिली. पहिला मुलगा होता. शेवटच्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर थोडं चढलं, म्हणून बाईंनी तिला चार दिवस आधीच येऊन राहायला सांगितलं होतं. ती ऐकली नाही. पोलिओचे डोस पाजायचे होते म्हणे.

त्याच सुमाराला आमच्या नेहमीच्या दुकानदाराकडचं इंजेक्शन संपलं. वरूनच माल येत नव्हता. मग एका नव्या कंपनीचा डबा आला. एजंट म्हणून एक तरुण बाई आली होती, नम्र, थंडीच्या पेटीत व्यवस्थित बर्फ घालून आणलेला. बाईंनी पेटी उघडून बर्फात हात घातला. ‘निदान बर्फ तरी खरा आहे,’ म्हणाल्या. एक कुपी काढली, थर्मासमध्ये ठेवली, गोठ्यात गेल्या. टोचलं. बघता बघता धार वाजली.

‘पास!’ अप्पा ओरडले.

शोभा आली ती सकाळी, कळा देतच. सोबत सासू. सासूनं दवाखान्यात पाऊल ठेवायच्या आधी गोठ्यात जाऊन म्हशीला पेंड चारली, हे मी खिडकीतून बघितलं. शोभा टेबलावर आडवी होऊनही बडबडत होती. अकराच्या सुमाराला मुलगी झाली. रडणं खणखणीत. वार पूर्ण पडली. मी इंजेक्शन दिलं. सगळं नेहमीसारखं.

मग मी पोटावर हात ठेवला. तिथं हाताला चेंडू लागायला हवा, कडक. माझ्या हाताला भिजवलेली कणीक लागली.

‘बाई,’ मी म्हटलं.

त्यांनी हात ठेवला. दुसरी कुपी दिली. चोळायला लागल्या. तिसरी. सलाइनमधून. रक्त येतच होतं, धारेनं नाही, पण न थांबता, आणि तेच जास्त वाईट असतं. दुसरं एक इंजेक्शन असतं, ते ब्लडप्रेशर वाढलेल्या बाईला देता येत नाही. गोळ्या ठेवल्या. त्यानं काही झालं नाही. अॅम्ब्युलन्स आली तशी बाई शोभाबरोबरच आत चढल्या, एक हात आत, एक वरून, गर्भाशय दोन हातांत दाबून धरलेलं. सोलापूरपर्यंत त्यांनी ती पकड सोडली नाही. मी सलाइनची बाटली धरून होते.

नळदुर्ग मागं पडलं तेव्हा शोभा शुद्धीवर होती. ओठ पांढरे.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘औषध पास झालंय नव्हं?’

‘झालंय,’ बाई म्हणाल्या.

त्यानंतर ती बोलली नाही. सोलापूरच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी बाईंचे हात बाजूला करायला सांगितलं, तेव्हा बाईंची बोटं उघडेनात. दोघांनी मिळून ती सोडवली.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आंघोळ करून सरळ गोठ्यात निघाल्या. हातात सिरिंज. मी मागं गेले. वाटलं, उरलेल्या डब्यातली कुपी पुन्हा टोचून बघणार. मी तसं विचारलं. त्यांनी मला कुपी दाखवली. पावडरची इंजेक्शनं कालवायला आम्ही डिस्टिल वॉटर वापरतो, त्याची कुपी. नुसतं पाणी.

अप्पांना काही माहीत नव्हतं. ते बादली घेऊन बसले. ‘सुम्निरवा,’ म्हणाले. बाईंनी नेहमीच्या जागी, उजव्या मांडीवर सुई टोचली. घड्याळ बघितलं नाही.

म्हशीनं पाय फाकवले, शेपटी बाजूला केली. सड तट्ट झाले. धार वाजली.

‘पास!’ अप्पा ओरडले. मग बाईंकडं बघून समजूत घालायला म्हणाले, ‘बगा बाई, औषध चांगलंच हाय की. तुमचा काय दोष न्हाय.’

बाईंनी रिकामी सिरिंज घेतली. आत हवासुद्धा नाही. दुसऱ्या बाजूच्या मांडीवर सुईचं टोक नुसतं टेकवलं. धार तुटली नाही, उलट वाढली.

रोज सकाळी अप्पा तिला सुई देत होते, पास झालेल्या डब्यातली, बाईंनीच दिलेली, दूध काढण्यासाठी. वर्षं झाली होती. सुई लागली की दूध सोडायचं, एवढं म्हैस शिकली होती. सुईत काय आहे, याच्याशी तिचा संबंध संपला होता. पहिल्या वर्षी तिनं खोटं औषध पकडलं, कारण तेव्हा तिला सुईची सवय नव्हती. त्यानंतर कधीपासून ती सगळ्यांना पास करत होती, हे कळायला मार्ग नाही. अधल्यामधल्या डब्यांतली औषधं चांगली निघाली, हे आमचं नशीब, आणि त्याला आम्ही तपासणी म्हणत होतो.

बाई गोठ्यातल्या दगडावर बसल्या. म्हणाल्या, ‘पाणी टोचून बघायचं मला एकदाही सुचलं नाही, सिस्टर. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ते.’

खरं होतं ते.

पण बाई बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. डब्यातल्या उरलेल्या कुप्या त्यांनी थंडीच्या पेटीत सीलबंद केल्या आणि वर कळवलं. या वेळी खरा इन्स्पेक्टर आला. आमच्या दवाखान्यात पहिल्यांदाच. अप्पांनी मला हळूच विचारलं, ‘ह्यो कशाला टोचून बगनार?’ त्यानं नमुने घेतले, सह्या घेतल्या, चहा घेतला नाही. निकाल यायला उशीर लागला, पण आला. कुपीत औषध नावापुरतंच होतं. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘आता सुटत नाहीत हे.’ त्यांना एवढंच हवं होतं. शोभा कशानं गेली, ते कुणीतरी मोठ्यानं म्हणावं आणि ज्यांनी ती कुपी भरली त्यांच्या नावावर ते लिहावं.

मधल्या काळात शोभाची सासू येऊन गेली होती. बाळ खांद्यावर. भांडायला आली नव्हती. ओसरीवर बसली, बाळाला थोपटत राहिली, मग म्हणाली, ‘बाई, तुमी तर तपासून घेता म्हनं. म्या सवता पेंड चारली तिला. मग आसं कसं झालं?’

मी बाईंकडं बघितलं. ‘नशीब’ एवढा एक शब्द पुरला असता. सासूनं तो मान्यही केला असता.

बाईंनी तिला सगळं सांगितलं. म्हैस, सुई, पाणी, सगळं. म्हातारी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, ‘म्हंजी म्हशीला बी ठाव न्हवतं, तुमाला बी ठाव न्हवतं.’ उठली आणि गेली. रागावली नव्हती. पण घरी कुणीतरी विचारलं असणार, तिनं जसंच्या तसं सांगितलं असणार, आणि पुढच्या आठवड्यात ते पेपरात आलं. औषध कंपनीचं नाव त्यात कुठंच नव्हतं. म्हशीचा फोटो होता, कुंकू लावलेला.

जिल्ह्याच्या साहेबांपुढं चौकशी लागली, तिच्या आदल्या दिवशी मी बाईंना स्पष्ट सांगितलं. ‘म्हशीचा विषय काढू नका. पेपरात काय, काहीही येतं. तुम्ही म्हणा, पावती आहे, सर्टिफिकेट आहे, फ्रीज आहे. औषध खोटं निघालं. एवढंच. खोटं काही नाही त्यात.’

‘शोभाच्या सासूला सांगितलं ते साहेबांना का नको?’

‘कारण ती सासू आहे आणि ते साहेब आहेत.’

त्यांनी गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत सारली. ‘मी लोकांना सांगत आले, औषध गप्प बसतं म्हणून. आता मीच बसू?’

चौकशीला कंपनीचा वकील आला होता. गोरागोमटा, हसतमुख. त्यानं कुपीत काय होतं त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं विचारलं, ‘मॅडम, आपण औषध गोठ्यात नेत होता?’

‘डबा नाही. एक कुपी. बर्फात.’

‘म्हणजे नेत होता. उन्हाळ्यात गोठ्यात केवढं तापमान असतं हो?’

‘बाळंतिणीला दिलेली कुपी गोठ्यात गेलीच नव्हती. ती फ्रीजमध्ये होती.’

‘असं आपण म्हणता. आणि तपासून आपणच पास केलं होतं? म्हणजे, म्हशीनं?’

मागं बसलेले हसले. साहेबही कागद तोंडापुढं धरून हसले. बाई म्हणाल्या, ‘हो. चुकलं ते. पण औषध खोटं होतं, त्याचं काय?’ त्या वाक्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तोवर सगळे म्हशीपाशी अडकले होते.

कंपनीनं लिहून दिलं की कारखान्यातून निघालेला माल उत्तम होता, साठवण नीट झाली नाही. ते कुणाला खोटं ठरवता येईना. दरम्यान तो माल विकून संपलाही होता. प्रकरण कुठंतरी वर गेलं आणि तिथंच राहिलं. एक गुन्हा मात्र शाबीत झाला. दुभत्या जनावराला बेकायदा इंजेक्शन टोचून क्रूरपणे वागवल्याचा. बाईंनी कबूल केला, दंड भरला. या सगळ्यात शिक्षा झाली ती एकाच माणसाला, आणि ती शोभासाठी नव्हे.

कोर्टाबाहेर त्या मला म्हणाल्या, ‘बघा, कायदा आहे. आपण उगीच नावं ठेवत होतो. म्हशीसाठी आहे, पण आहे.’

पेशंट यायचे बंद झाले. म्हशीला कुंकू लावणाऱ्या बायका आता वाकडी वाट करून जायच्या. दवाखाना बंद झाला तेव्हा बाईंनी फळा पुसून घेतला, फ्रीज विकला. किल्ली विकत घेणाऱ्याला दिली नाही. त्यानं मागितलीही नाही.

मी आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या दवाखान्यात नोकरी करते. मागच्या महिन्यात आमच्याकडं ऑक्सिटोसिनचा नवा डबा आला. कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. पण कुपीवरची निळी पट्टी, अक्षरांची ठेवण, डब्याचा पुठ्ठा, सगळं शोभाच्या वेळच्या डब्यासारखंच. मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘सर्टिफिकेट आहे ना?’ होतं. माझ्याकडं एका निळ्या पट्टीखेरीज पुरावा नव्हता.

रविवारी एक कुपी बर्फात घालून मी बाईंकडं गेले. केस पांढरे झालेत, शर्ट तोच. अप्पा आता नाहीत. म्हैस आहे, म्हातारी, आटलेली. विकायला मन होत नाही म्हणून नव्हे, कुणी घेत नाही म्हणून. बाईंनी मला चहा दिला, पाकिटातल्या दुधाचा. मी कुपी पुढं केली.

त्यांनी ती उजेडात धरली. आतलं पाणी स्वच्छ होतं. बराच वेळ धरली, मग माझ्या हातात परत दिली.

‘मला काय विचारता?’ म्हणाल्या. ‘तिला विचारा. ती कधी नाही म्हणत नाही.’

म्हैस आमच्याकडं बघत होती.

मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाळंतपण होतं, पहिलटकरीण, घाबरलेली. तिनं मला विचारलं, ‘सिस्टर, इंजेक्शन चांगलं हाय नव्हं?’ मी उत्तर दिलं नाही. इंजेक्शन तेच, निळ्या पट्टीचं दिलं, दुसरं नव्हतं. आणि पोटावर हात ठेवून, तिथं चेंडू लागेपर्यंत, उभी राहिले.